एक्केचाळीस मिनिटं

प्रिय टिंबू,

मी हरले. नवीन लॅपटॉप घेतला. परवा दुपारी घेतला आणि तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. आता तू आधी नीट बस, वाचायचा चष्मा शोध (डोक्यावर असेल), आणि मग पुढचं वाच, कारण सांगायचं इतकं साठलंय की कुठलं आधी आणि कुठलं नंतर हेच मला सुचत नाहीये. पत्र हाताने लिहितेय, त्यामुळे काना-मात्रा इकडच्या तिकडे झाल्या असतील. पेन्सिल घेऊन समासात खुणा करत बसू नकोस. निदान पहिल्या वाचनात तरी नको.

काय मशीन आहे गं. खोका मांडीवर घेऊन मी गाडीत बसले होते आणि प्रत्येक खड्ड्याला आमच्या ह्यांना ‘हळू, हळू’ करत होते. शेवटी हे म्हणाले, ‘माझं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यातून घरी आणताना मला तरी एवढं जपलं होतंस का?’ मी म्हटलं, तुमच्यावर वॉरंटी नव्हती. घरी आल्यावर खोका उघडला, तर आत एवढंसं पातळ, वहीएवढं काहीतरी. मला वाटलं खालच्या कप्प्यात उरलेला लॅपटॉप असेल. तेवढाच होता. उचलला तर हात उगाच वर गेला, कारण हाताला सवय आपल्या जुन्या धोंड्याची. आणि सुरू किती पटकन होतो म्हणून सांगू? जुन्याचं तुला ठाऊकच आहे. सकाळी बटण दाबायचं, आत जाऊन चहा टाकायचा, उकळायचा, गाळायचा, अर्धा प्यायचा, मग कुठे पडद्यावर उजेड. काल मी बटण दाबून सवयीने उठले आणि वळून बघते तर हा तयार. मी दारात तशीच उभी, आता चहा करायचा की काम, काही कळेना. आवाज तर नाहीच. पंखा आहे की नाही याचीच मला शंका आली, म्हणून कान लावून बघितलं. ह्यांनी ते पाहिलं आणि पेपर वर धरला.

तर पैज. तुला आठवत नसेल असं होणार नाही, तरी नियमाप्रमाणे लिहून ठेवते. सहा वर्षांपूर्वी तू ऑफिस सोडून लेकाकडे राहायला गेलीस, त्या दिवशी बस स्टँडवर आपलं ठरलं होतं की आपल्या दोघींच्या सारख्या लॅपटॉपांपैकी जिचा आधी बंद पडेल किंवा बदलला जाईल तिने दुसरीकडे जायचं, नवीन मशीन घेऊन, आणि निदान आठ दिवस राहायचं. नऊ तासांचा प्रवास, कंबर दुखते ही सबब चालणार नाही. तेव्हा मला वाटलं होतं, वर्ष, फार तर दीड वर्ष. त्या मशिनांना तेव्हाच सहा वर्षं झाली होती. पण आपण दोघी कसल्या हट्टी. मी बिजागरी बदलली, बॅटरी आणि कीबोर्ड सोडून जवळजवळ सगळं बदललं, स्पेसबारच्या खाली पुठ्ठ्याचा तुकडा घातला, पण मशीन बदललं नाही. तूही नाही. सहा वर्षांत आपण एकदाही भेटलो नाही, टिंबू. आधी तीस वर्षं रोज समोरासमोर बसलो, मी पुस्तकांची पानं लावायला आणि तू ती तपासायला, आणि मग सहा वर्षं दोन लॅपटॉप मरायची वाट बघत राहिलो.

तो फॉर्म मात्र आपण चुकवला नाही. बारा वर्षांपूर्वी आपण दोघी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच रंगाची दोन मशिनं घेऊन आलो, तेव्हा बिलासोबत त्या दुकानदाराने एक पिवळा कागद दिला होता, ‘ग्राहक समाधान पत्रक’. एका वर्षाने भरून आणून द्या म्हणाला. वर्षाने आपण भरून घेऊन गेलो तर तो बघतच राहिला. इतक्या वर्षांत तो कागद परत आणणाऱ्या आपणच पहिल्या, असं तो म्हणाला आणि आपल्याला एकेक पेन दिलं. मग तू म्हणालीस, दर वर्षी भरू. खरेदीच्या त्याच दिवशी, सतरा तारखेला, चष्म्याच्या दुकानावरच्या त्या आपल्या खोलीत आपण दोघी टेबलं समोरासमोर असूनही मधे फाइल उभी धरून भरायचो, एकमेकींचं दिसू नये म्हणून, परीक्षेला बसल्यासारख्या. वेग कसा आहे. बॅटरी किती वेळ टिकते. तापतो का, आवाज करतो का. एकूण समाधान, दहापैकी. आणि शेवटी पाचवा प्रश्न, येत्या वर्षात नवीन घेण्याचा विचार आहे का, असल्यास कारण. पहिल्या वर्षी मी दहा दिले आणि तू सात. मी विचारलं, काय कमी आहे त्यात? तू म्हणालीस, ‘कमी काही नाही, पण आत्ताच दहा दिले तर पुढे काय देऊ?’ चौथ्या वर्षी माझ्यावर पाणी सांडलं, म्हणजे मशीनवर, आणि मी रागाने दोन दिले. तू सातच. सातव्या वर्षी तुझी बिजागरी निखळली आणि पडदा मागे पडू नये म्हणून तू पाठीशी शब्दकोश उभा करायचीस, असं तूच पत्रात लिहिलंस, आणि खाली गुण काय, तर सात. तुला मी टिंबू म्हणते ते तू टेबलापलीकडून माझ्या पानावरचं राहिलेलं टिंब दाखवायचीस म्हणून, पण खरं तर तुझं सगळंच त्या टिंबासारखं, जागच्या जागी. आणि मला तू घाई म्हणायचीस. त्यावर मी काही बोलत नाही. त्याचं पुढे येईलच.

लॅपटॉप कधी बदलावा यावर मी या वर्षभरात इतक्या लोकांचं ऐकलंय की त्यावर एक पुस्तक निघेल आणि मांडणी मी करेन. आमचे जावई म्हणतात, चार वर्षं झाली की बदला, चालू असला तरी. म्हणजे लेकीला त्या घरात सोळा वर्षं झाली, हे मी त्यांना सांगितलं नाही. दुकानातला विक्रेता म्हणाला, दुरुस्तीचा खर्च नव्याच्या अर्ध्यावर गेला की बदला. आपला दुरुस्तीवाला, ज्याला तू डॉक्टर म्हणायचीस, तो अजून तिथेच बसतो, अजून कानात पेचकस खोचतो. त्याचं म्हणणं वेगळंच. तो म्हणाला, ‘बाई, मशीनसाठी तुम्ही थांबता तोवर ठीक आहे. मशीन थांबेल म्हणून तुम्ही काम घेणंच बंद केलंत, की बदला.’ मला ते पटलं, पण माझं तसं काही झालेलं नव्हतं. मी अजून महिन्याला दोन पुस्तकांची पानं लावते त्याच्यावर. पान वर सरकवलं की तो जरा विचार करतो, मग सरकवतो. मोठी फाइल उघडली की मी कपड्यांच्या घड्या घालून येते. आमचं दोघांचं जमलं होतं. बारा वर्षांनी त्याच्यावर चिडण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं, आणि त्याच्याकडेही माझ्यावर चिडण्यासारखं बरंच असून तो चालत होता. गेल्या महिन्यात डॉक्टरने त्याला उघडून धूळ काढली, बोटाने पंखा फिरवून बघितला आणि मला म्हणाला की हा अजून दोन वर्षं सहज काढेल. तेव्हा माझा जुना बंद पडला म्हणून मी नवीन घेतला असं समजू नकोस. तो आत्ता या पत्राशेजारी सुरू आहे, आणि घुरघुरतोय.

मग का घेतला, तर ऐक. मागच्या महिन्यात बाराव्या वर्षाचा फॉर्म जरा आधीच भरायला घेतला. माझी बॅटरी आता सतरा मिनिटं टिकते. मला वाटलं, बघू तरी कशी कशी उतरत गेली, म्हणून सगळे जुने फॉर्म काढले, माझ्या प्रती आणि तुझे आलेले. तुला माहीत आहे, तुझा फॉर्म आला की मी फक्त पाचवा प्रश्न बघते. ‘नाही’ असं दिसलं की हुश्श आणि हात्तिच्या दोन्ही एकदम म्हणते आणि फाइलला लावते. बाकीचं वाचायचं राहूनच जातं. या वेळी पहिल्यांदा ओळीने वाचले. तुझी बॅटरी सातव्या वर्षी एक तास वीस मिनिटं. आठव्या वर्षी एक तास पाच. नवव्या वर्षी त्रेपन्न मिनिटं. दहाव्या वर्षी एक्केचाळीस. आणि अकराव्या वर्षी, म्हणजे गेल्या वर्षी, पुन्हा एक्केचाळीस. मी ते तीनदा वाचलं. टिंबू, म्हातारी बॅटरी वर्षभर एका मिनिटाने उतरत नाही असं होतच नाही. डॉक्टरला विचारलं तर तो हसला आणि म्हणाला, ‘न वापरलेली असेल तर सांगता येत नाही, पण वापरात असेल तर शक्यच नाही.’ मग मी बाकीचं बघितलं. तापतो का, तर ‘उजवीकडे किंचित’. गेल्या वर्षी तेच आणि त्याच्या आदल्या वर्षी तेच, शब्दाला शब्द. आणि अकरावा फॉर्म हाताने लिहिलेला, तू तिकडे गेल्यापासूनचे बाकी सगळे छापलेले. खाली तू बारीक अक्षरात लिहिलं होतंस, प्रिंटरची शाई संपली आहे. तुझ्या घरात शाई संपेल आणि तू दुसरी आणणार नाहीस, यावर मी वर्षभर विश्वास ठेवून बसले होते.

मी तुझ्या लेकाला फोन केला. त्याच्यावर रागावू नकोस, त्याने बराच वेळ आढेवेढे घेतले. मी त्याला सरळ विचारलं, आईचा लॅपटॉप चालतो का रे? तर म्हणाला, ‘मावशी, तो बंद पडून दीड वर्ष झालं. तुला सांगू नको म्हणाली होती.’ नवीन घेऊन देतो म्हटलं तर तू ऐकत नाहीस. कपाटात खालच्या कप्प्यात ठेवला आहेस आणि आठवड्याला काढून पुसतेस, असंही म्हणाला. मला आधी काय वाटलं ते खरं सांगते. मला राग आला. म्हणजे पैज तू दीड वर्षापूर्वीच हरलीस. नियमाने तू यायला हवं होतंस, आणि तू आली नाहीस, वर खोटा फॉर्म भरून पाठवलास, तू, जिने आयुष्यात एक स्वल्पविराम खोटा टाकला नाही. मला वाटलं, हिला मला भेटायचंच नाहीये. मी तसं बोललेही त्याला. तेव्हा तो म्हणाला, ‘मावशी, तसं नाही गं. बॅग भरली होती तिने. मग परत काढून ठेवली. म्हणाली, कुठल्या तोंडाने जाऊ तिच्याकडे? तीस वर्षांचं नाव माझ्या एका चुकीने गेलं.’

फोन ठेवला आणि मी तिथेच जमिनीवर बसले. ह्यांना वाटलं माझी कंबर धरली.

आता जे लिहिते आहे ते लिहिण्यासाठी हे पत्र आहे, आणि मी एवढा वेळ जावई आणि चहा यांच्यावर पानं का भरली ते तुला कळेलच. तू मला ओळखतेस. गणिताच्या त्या गाइडची उत्तरसूची चुकीची छापली गेली, सातव्या प्रकरणाची सगळी उत्तरं एकेक घर खाली सरकलेली, दोन हजार प्रती. ती फाइल तू पाठवली नव्हतीस. मी पाठवली होती.

त्या दिवशी सकाळपासून छापखान्याचे फोन येत होते. दोन्ही मशिनं तुझ्या टेबलामागच्या फळीवर चार्जिंगला लावलेली होती, दोन्ही उघडी. तू तुझ्या मशीनच्या झाकणावर कोपऱ्यात नेलपॉलिशचं लाल टिंब लावलं होतंस, ओळखू यावं म्हणून, पण झाकण उघडं असलं की ते पाठीमागे जातं आणि समोरून दोघांत काही फरक दिसत नाही. आतूनही दिसत नव्हता, कारण एक आजारी पडली तर दुसरीचं अडू नये म्हणून तूच दोन्ही सारखी लावली होतीस, तेच फोल्डर, तीच नावं, पासवर्डही एकच. मी पहिलं हाताला लागलं ते उचललं, फाइल मेलला जोडली आणि पाठवून दिली. तू मागच्या बाजूला कागद कापत होतीस. त्या दिवशी तू स्वतः छापखान्याला आणखी चार फाइली पाठवल्या होत्यास, म्हणून तुला वेगळं काही आठवलं नाही. संध्याकाळी मी झाकण बंद केलं तेव्हा मला टिंब दिसलं. मी मनात म्हटलं, अरे, हिचं घेतलं वाटतं, आणि जागेवर ठेवून दिलं. घाई. मला हे सुचलंही नाही की शेवटच्या दुरुस्त्या फक्त माझ्या मशीनमध्ये होत्या. तू छापील कागदावर पेन्सिलने ती सरकलेली उत्तरं पकडलीस, मी माझ्या मशीनवर ती नीट केली, आणि मग तुझ्या मशीनमधली जुनी फाइल पाठवली. तू चूक पकडली होतीस, टिंबू. तुझ्या हातून ती सुटली नव्हती.

तीन आठवड्यांनी गठ्ठे आले, गाइडवाले आरडाओरडा करत जिना चढून आले, आणि मी तोंड उघडायच्या आत तू तुझ्या मशीनमध्ये पाठवलेली फाइल शोधून काढलीस. मेल तुझ्या मशीनवरून गेला होता. तू त्यांच्यासमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, ‘चूक माझी आहे.’ मला तेव्हाच ते लाल टिंब आठवलं. आणि मी गप्प बसले. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. ते ओरडत होते, मी घाबरले होते, आणि तू इतक्या शांतपणे बोललीस की मला वाटलं, आत्ता राहू दे, हे गेले की सांगू. मग आपण अकरा दिवस दोघी बसून दोन हजार प्रतींमध्ये शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवत होतो. तुझी बोटं डिंकाने पांढरी झाली होती आणि तू मला म्हणत होतीस, तू कशाला बसतेस, तुझी काही चूक नाही, घरी जा. अकरा दिवस रोज सकाळी मी ठरवून यायचे की आज सांगायचं. त्यानंतर तू प्रत्येक पान तीनदा वाचायला लागलीस, मग सात वेळा, मग फाइल पाठवायची वेळ आली की मशीन माझ्याकडे सरकवायचीस आणि म्हणायचीस, तूच पाठव, माझा भरवसा नाही. मी पाठवायचे. आठ महिन्यांनी तू म्हणालीस, आता डोळे आणि डोकं दोन्ही थकलंय, लेकाकडे जाते. बस स्टँडवर तू खिडकीत बसलीस तेव्हा मी सांगायला तोंड उघडलं होतं, आणि बाहेर पडली ती पैज. तू हसलीस. किती दिवसांनी हसली होतीस. मग बस सुटली.

सहा वर्षं मी स्वतःला सांगत आले की तू थकली होतीस, तुला नातवंडांत राहायचं होतं, आणि जुनं उकरून काय मिळणार. तुझ्या लेकाचं ते एक वाक्य ऐकलं आणि मला हे सांगणं जमेनासं झालं. तुझ्या चांगल्या डोळ्यांवरचा तुझा विश्वास मी काढून घेतला, आणि तू मात्र मला तोंड दाखवायला लाजत बसलीस. मला माफ कर. कर असं म्हणायचा मला हक्क नाही, तरी म्हणते.

मग मी दुकानात गेले. विक्रेत्याने विचारलं, जुन्याला काय झालं? मी म्हटलं, काही नाही, छान चालतो. त्याने विचारलं, मग बदलता कशासाठी? मी म्हटलं, मला एक पैज हरायची आहे, तीही सतरा तारखेच्या आत. तो शेजारच्या विक्रेत्याकडे बघायला लागला. त्याला म्हटलं, बघू नका, मशीन दाखवा. आणि खरं सांगते, तिथे उभी असताना मला इतकं हलकं वाटत होतं की मी त्याने दाखवलेलं पहिलंच मशीन घेतलं असतं. पण घाई केली नाही. दोन तास घालवले, पाच मशिनं उघडून बघितली, झाकणं उघडून-मिटून बघितली, तू असतीस तर जे जे विचारलं असतंस ते सगळं विचारलं. वाटेत नेलपॉलिश घेतलं, लाल एक आणि निळं एक. जुना मी तुझ्यासाठी आणतेय. माझ्या हाताखाली त्याचा कीबोर्ड पार झिजलाय, तुझ्या बंद पडलेल्याचा अजून नवा असेल. डॉक्टर म्हणाला, तो काढून ह्याला बसवायला अर्धा तास लागतो, आणि कसं बसवायचं ते त्याने मला कागदावर काढून दिलंय. माझ्या त्या जुन्यात ती नीट केलेली फाइल अजून आहे, तारखेसह. तुझ्या पेन्सिलीच्या खुणांचा कागदही आहे, मी तो कधी फेकला नाही. स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

सोबत बाराव्या वर्षाचा माझा फॉर्म जोडते आहे. वेग, मंद पण मनापासून. बॅटरी, सतरा मिनिटं, खरी. तापतो, आवाज करतो, दोन्ही. एकूण समाधान, दहा. तू सात देत राहिलीस ते बरोबर होतं, खरे दहा द्यायची वेळ आत्ता आली. पाचव्या प्रश्नाला बारा वर्षांत पहिल्यांदा ‘होय’ लिहिलंय, आणि कारणाच्या रेघेवर तुझा पत्ता.

पत्र आज मंगळवारी टाकते आहे, म्हणजे गुरुवारी तुला मिळेल. मी शुक्रवारी रात्रीच्या बसने निघून शनिवारी सकाळी दहाला पोचते. फोनवर सांगता आलं असतं, पण मग तुला तिथल्या तिथे ‘असू दे गं’ म्हणावं लागलं असतं, आणि तू म्हणाली असतीस. सरळ दारात येऊन सांगितलं असतं तर तुला आधी मला घरात घ्यावं लागलं असतं. म्हणून पत्र पुढे पाठवते आहे, तुला विचार करायला मधे दोन दिवस मिळावेत म्हणून. बस स्टँडवर येऊ नकोस. लेकाला पाठवू नकोस. पत्ता माझ्याकडे आहे. दार उघडायचं की नाही ते तू ठरव, आणि ठरवायला हवा तेवढा वेळ घे. नव्या लॅपटॉपची बॅटरी चौदा तास टिकते, मी पायरीवर बसून काम करेन.

तुझीच,
घाई